होर्मुझची बातमी आली की आधी काय बघायचं

इराणचं नाव बातम्यांत झळकलं की माझा फोन वाजायला लागतो. मी फोर्टमधल्या एका विमा ब्रोकरकडे मरीनचं डेस्क सांभाळते, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या मालाचा विमा आणि त्यावरचं वॉर रिस्क, म्हणजे युद्धाच्या धोक्याचं वेगळं कव्हर. फोन करणाऱ्यांत निर्यातदार असतात, मालाची वाहतूक जुळवून देणारे फॉरवर्डर असतात, दापोलीची मावशी असते आणि आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काकाही. प्रश्न सगळ्यांचा एकच: "होर्मुझ बंद झाली का?"

हो किंवा नाही, काहीही सांगितलं तरी विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. होर्मुझ ही इराण आणि ओमान यांच्यामधली सामुद्रधुनी, आणि सामुद्रधुनीला फाटक नसतं. ती आधी महाग होते, मग तिथून जायला नकार देणारे वाढतात, आणि एका झेंड्याचं जहाज नांगर टाकून बसलेलं असताना दुसऱ्या झेंड्याचं आरामात निघून जातं. जून २०२५ मधले इस्रायल-इराण युद्धाचे ते बारा दिवस माझ्या अजून चांगले लक्षात आहेत. तेव्हा मी ज्या क्रमाने एकेक गोष्ट बघत होते, तो क्रम इथे लिहून ठेवते आहे. आधी हे वाचा, मग फोन करा.

नकाशा काढा, आणि पेन्सिल घ्या

मोबाईलवरचा नकाशा चालेल, पण मी छापील वापरते, कारण त्यावर खुणा करता येतात. वर इराण, खाली ओमानचा मुसंदम नावाचा सुळका, आणि मधली चिंचोळी जागा म्हणजे होर्मुझ. सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर. पण मोठी जहाजं सगळ्या ३३ किलोमीटरांतून हिंडत नाहीत. त्यांच्यासाठी आखलेल्या दोन लेन आहेत, प्रत्येकी दोन सागरी मैल रुंद, मध्ये दोन मैलांची मोकळी पट्टी. समुद्रात उजव्या बाजूने चालायचं असतं, म्हणून आत जाणारं रिकामं टँकर इराणच्या बाजूच्या लेनमधून जातं आणि तेल भरून येणारं ओमानच्या बाजूने. मुसंदमजवळच्या या लेन ओमानच्या पाण्यात आहेत. पुढे आखातात शिरल्यावर मात्र वाट ग्रेटर तुंब, लेसर तुंब या बेटांजवळून जाते. अबू मुसासकट ही बेटं इराणने ३० नोव्हेंबर १९७१ ला ताब्यात घेतली आणि अमिरात आजही त्यांवर हक्क सांगते. म्हणजे "लेन तर ओमानच्या आहेत, मग इराण काय करणार" हा युक्तिवाद अर्ध्या वाटेपर्यंतच टिकतो.

आता पेन्सिलीने दोन याद्या करा. आतली बंदरं: जेबेल अली, अबू धाबीचं खलिफा, सौदीचं दम्माम आणि रास तनुरा, कतारचं रास लफान, कुवेतची सगळी, इराकचं बसरा, इराणचं खार्ग बेट. बाहेरची बंदरं: खोर फक्कान, फुजैरा, सोहार, मस्कत, दुक्म, सलालाह आणि इराणचंच चाबहार. तुमचा माल, तुमचा माणूस किंवा तुमचा गॅस यांपैकी कुठल्या यादीत आहे हे कळलं की निम्मी घबराट तिथेच ओसरते. "दुबईला माल जातोय" हे पुरेसं नाही. दुबईला जेबेल अलीतूनही जाता येतं आणि खोर फक्कानला उतरवून ट्रकनेही, दीड-दोन तासांचा रस्ता आहे.

आता इथे एक मेख आहे. भूगोलाचं "बाहेर" आणि विम्याचं "बाहेर" वेगळं. लंडनमध्ये जॉइंट वॉर कमिटी नावाची एक समिती आहे. कुठलं पाणी धोक्याचं धरायचं याची यादी ती काढते आणि जगभरचे जहाजविमेवाले ती पाहून दर ठरवतात. १२ मे २०१९ ला फुजैराजवळ नांगरलेल्या चार जहाजांना स्फोटांनी भगदाडं पडली. पाचेक दिवसांत समितीने यादी वाढवली आणि आखाताबरोबर ओमानच्या आखातातला ५८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेचा भागही त्यात घातला. फुजैरा आणि सोहार त्या रेषेच्या पश्चिमेला पडतात, मस्कत पूर्वेला. म्हणून "आमचं जहाज सामुद्रधुनीत शिरतच नाही हो" म्हणणाऱ्या माणसालाही कधीकधी जादा प्रीमियमचं बिल येतं. त्या वेळी भांडून उपयोग नसतो.

काय घडलं आहे ते नीट ओळखा

टीव्हीला सगळं सारखंच दिसतं, विमा डेस्कला नाही. धमकी, जहाज पकडणं, जहाजावर हल्ला, जमिनीवरच्या तेलप्रकल्पावर हल्ला आणि पाणसुरुंग या पाचही गोष्टींची किंमत वेगवेगळी लागते.

धमकी सर्वांत स्वस्त. २२ जून २०२५ ला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या इराणी अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, आणि त्याच दिवशी इराणच्या संसदेने सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे "होर्मुझ बंद" असे मथळे लागले. तिथल्या व्यवस्थेत असा निर्णय सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषद घेते. संसदेचा ठराव म्हणजे बोलाचीच कढी. अशा वेळी मी भाषणं ऐकत बसत नाही, खार्गकडे बघते. इराणचं निर्यातीचं बहुतेक कच्चं तेल याच बेटावरून, याच सामुद्रधुनीतून बाहेर पडतं आणि त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीन आहे. वाट बुजवली तर आपलंच गिऱ्हाईक उपाशी राहतं. खार्गवर टँकर भरले जातायत तोवर मी चहा संपवते. (याचा अर्थ इराण हे कधीच करणार नाही असा मुळीच नाही. स्वतःची निर्यात आधीच बंद पडलेल्या देशाला हा हिशोब लागू होत नाही. म्हणूनच खार्गवरच हल्ला झाल्याची बातमी मला संसदेच्या दहा ठरावांपेक्षा जड वाटेल.)

पकडापकडीचा प्रकार निराळा. तिथे जहाज कुठे होतं यापेक्षा ते कुणाचं होतं हे बघायचं असतं. जुलै २०१९ मध्ये ब्रिटिशांनी जिब्राल्टरला इराणी तेलाचं 'ग्रेस १' अडवलं. दोन आठवड्यांत इराणने ब्रिटिश झेंड्याचं 'स्टेना इम्पेरो' पकडलं. त्यावरच्या २३ जणांत १८ भारतीय. १३ एप्रिल २०२४ ला हेलिकॉप्टरमधून दोरावरून कमांडो उतरले ते 'एमएससी एरिस'वर. झेंडा पोर्तुगालचा, पण मालकीचा धागा इस्रायली उद्योगपतीपर्यंत जाणारा. ते जहाज खलिफा बंदरातून निघून आपल्या न्हावा शेव्याकडे येत होतं, आणि २५ जणांच्या क्रूमध्ये १७ भारतीय होते. आमच्या ऑफिसात त्या दिवशी "आपला काही माल आहे का त्यावर" ही एकच धावपळ. म्हणून सवय लावून घ्या: बुकिंग झालं की फॉरवर्डरकडून जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) मागा, आणि इक्वासिस या मोफत वेबसाईटवर मालक कोण, मॅनेजर कोण, ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. झेंडा बघून थांबू नका. पनामाचा झेंडा म्हणजे मालक पनामाचा, असं अजूनही अनेकांना वाटतं.

जमिनीवरच्या हल्ल्याचा भाव सर्वांत झटकन दिसतो. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीच्या अबकैक तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडली, दिवसाला सुमारे ५७ लाख बॅरलचं उत्पादन थांबलं आणि सोमवारी बाजार उघडताच ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा जागतिक भाव, उसळलं. दिवसअखेर जवळपास १५ टक्के वर. महिना संपेपर्यंत ते पुन्हा ६०-६१ डॉलरवर, म्हणजे जिथून निघालं तिथेच. सौदीने दुरुस्ती धडाक्यात केली. त्या सोमवारी घाबरून वर्षभराचं डिझेल चढ्या दराने बांधून घेणारे लोक मला माहीत आहेत.

पाणसुरुंगाच्या बातमीवर मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसते. इराण-इराक युद्धात, १९८० ते ८८, चारशेहून जास्त व्यापारी जहाजांवर हल्ले झाले तरी वाहतूक चालू राहिली. उलट १९८६ मध्ये, टँकरयुद्ध ऐन भरात असताना, जगात तेलाचा पूर होता म्हणून भाव कोसळले. त्या सगळ्या काळात मोठ्या आरमारांचीही पाचावर धारण बसवली ती जुन्या पद्धतीच्या सुरुंगांनी. जुलै १९८७ मध्ये अमेरिकी युद्धनौकांच्या पहाऱ्यात चाललेलं 'ब्रिजटन' सुरुंगावर गेलं. मोठा टँकर तो, सुरुंग पचवून चालत राहिला. त्यानंतर पहारा देणाऱ्या युद्धनौकाच त्याच्या मागे लागून जायला लागल्या. एप्रिल १९८८ मध्ये 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही अमेरिकी फ्रिगेट सुरुंगाने जवळजवळ दुभंगली आणि चार दिवसांत अमेरिकेने इराणी नौदलावर मोठा हल्ला चढवला. क्षेपणास्त्र कुठून आलं ते कळतं, कुणी मारलं तेही बहुतेक वेळा कळतं. सुरुंग शोधून पाणी साफ करायला आठवडे लागतात आणि "साफ झालं" यावर विमा देणाऱ्याचा विश्वास बसायला त्याहून जास्त.

चार आकडे, आणि त्यांतला एक हाताने मांडून

तेलाचा भाव सगळे बघतात. मी चार आकडे शेजारी शेजारी लिहिते: ब्रेंटचा भाव, जवळच्या महिन्याचा आणि सहा महिन्यांनंतरचा वायदा यांतला फरक, आखात ते चीन मोठ्या टँकरचं भाडं, आणि जहाजाच्या वॉर रिस्कचा दर. नुसतं ब्रेंट उसळलं आणि बाकीचे तीन जागच्या जागी असले तर ती बाजाराची धडधड. जवळचा महिना लांबच्या महिन्यापेक्षा झपाट्याने महाग होत असेल तर प्रत्यक्ष माल कमी पडेल अशी भीती आहे. आणि टँकरचं भाडं उडालं, तर जहाजमालक आत जायला का-कू करतायत.

जून २०२५ चा ब्रेंट बघा. १२ तारखेला ६९ डॉलरच्या घरात. १३ ला इस्रायलचे हल्ले. २० ला बंद होताना ७७. २३ च्या सकाळी ८१ च्या वर. त्याच संध्याकाळी इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, आणि भाव ७ टक्क्यांनी पडून ७१ वर आला. क्षेपणास्त्रं पडली आणि तेल स्वस्त झालं! कारण तळ आधीच रिकामा झालेला, हल्ल्याची पूर्वसूचना दिलेली, आणि त्या हल्ल्यात तेलाच्या एकाही टाकीला कुणी हात लावला नव्हता. व्यापाऱ्यांना जे कळायचं ते कळलं. २४ ला युद्धविराम, भाव ६७. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र २४ च्या संध्याकाळीही "टाकी फुल करून घ्या" फिरत होतं.

आता वॉर रिस्क, कारण याबद्दल गैरसमज फार. जहाजाचा नेहमीचा विमा युद्धाला लागू नसतो. धोक्याच्या यादीतल्या पाण्यात शिरायचं तर मालकाला आधी कळवावं लागतं आणि बहुतेक वेळा सात दिवसांसाठी जादा प्रीमियम भरावा लागतो, जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत. त्या जूनमध्ये हा दर एक अष्टमांश-एक पंचमांश टक्क्यावरून अर्ध्या टक्क्याकडे सरकला. लगेच "विमा महागला म्हणून पेट्रोल भडकणार" अशी चर्चा सुरू.

कागद घ्या. दहा कोटी डॉलरचं मोठं टँकर. अर्धा टक्का म्हणजे पाच लाख डॉलर. ऐकायला भयंकर. पण त्यात तेल असतं वीस लाख बॅरल. पाच लाखांना वीस लाखांनी भागा: बॅरलमागे पंचवीस सेंट. सत्तर डॉलरच्या बॅरलवर पाव डॉलर. एवढ्याने तुमच्या पंपावर काही हलत नाही. आता कंटेनरच्या जहाजाचा हिशोब करा: पाच कोटी डॉलरचं जहाज, अर्धा टक्का म्हणजे अडीच लाख, आणि समजा अडीच हजार कंटेनर. कंटेनरमागे शंभर डॉलर. शिपिंग लाईनचं वॉर सरचार्जचं पत्र आलं की त्यातला आकडा या शंभराशी ताडून बघा आणि मग फॉरवर्डरशी बोला. मी एवढंच म्हणते.

प्रीमियम महागल्याने सामुद्रधुनी थांबत नाही. ती थांबते जेव्हा दर मागितला तर कोटेशनच येत नाही. जूनमध्ये सकाळचं कोटेशन संध्याकाळी चालेल की नाही याची खात्री नव्हती, पण कोटेशन मिळत होतं. हा फरक ध्यानात ठेवा. बाजारात किंमत आहे म्हणजे वाट चालू आहे.

आपल्या घरापर्यंत काय येतं

पेट्रोलची काळजी सगळे करतात, मी गॅसची करते.

२०२४ मध्ये होर्मुझमधून दिवसाला सुमारे दोन कोटी बॅरल तेल आणि तेलपदार्थ गेले, जगाच्या वापराच्या जवळपास पाचवा हिस्सा, आणि त्यातलं बहुतेक आशियाकडे. पण कच्च्या तेलाला भारताकडे दुसऱ्या वाटा आहेत. २०२२ नंतर रशियन तेल मोठ्या प्रमाणात यायला लागलं, ते या वाटेने येतच नाही. शिवाय अमेरिका आहे, पश्चिम आफ्रिका आहे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या भूमिगत गुहांत ५३ लाख टनांहून थोडा जास्त साठा मावतो, गुहा भरलेल्या असतील तर देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज. रिफायनऱ्यांचा आणि कंपन्यांचा साठा त्याखेरीज.

स्वयंपाकाच्या गॅसचं तसं नाही. आपण वापरतो त्यातला सुमारे ६० टक्के एलपीजी आयात होतो आणि त्या आयातीतला सुमारे ९० टक्के आखातातून, याच तोंडातून येतो. त्याचा साठा करणं कठीण, त्याची जहाजं वेगळी, आणि अमेरिकेतून मागवायचा तर तीन दिवसांऐवजी महिन्याच्या वर प्रवास. म्हणून अशा काळात मी सौदी आरामकोच्या मासिक दराकडे लक्ष ठेवते, ज्यावर आपला आयात दर ठरतो. त्याचा पहिला फटका १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरला बसतो, म्हणजे खानावळवाल्यांना, वडापाववाल्यांना. घरगुती १४.२ किलोचा भाव सरकार बराच काळ धरून ठेवू शकतं, ठेवतंही. पाईपच्या गॅसचं दुखणं कतारशी बांधलेलं: रास लफानहून निघणाऱ्या एलएनजीला (जहाजातून नेण्यासाठी द्रवरूप केलेल्या गॅसला) होर्मुझशिवाय समुद्राकडे जायला दुसरी वाटच नाही.

तेलाला पाईपलाईन आहेत हे खरं. सौदीची पूर्व-पश्चिम लाईन अबकैकपासून तांबड्या समुद्रावरच्या यांबूपर्यंत जाते, क्षमता दिवसाला पन्नास लाख बॅरलच्या वर. अमिरातीची हबशान ते फुजैरा, साधारण पंधरा लाख. टीव्हीवरचे तज्ज्ञ इथे थांबतात. तुम्ही नकाशावर पुढे बोट न्या. यांबूला तेल पोहोचलं, पण ते भारतात आणायचं तर तांबड्या समुद्रातून खाली बाब-अल-मंदेब या त्याच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या तोंडातून यावं लागतं, आणि त्या दारावर नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर कसे हल्ले केले ते जगाने पाहिलं. दोन्ही दारं एकाच वेळी अडली तर यांबूचं तेल सुएझमार्गे वर चढून, आफ्रिकेला वळसा घालून यायला लागेल. "होर्मुझ बंद पडली तरी पाईपलाईन आहे" असं कुणी म्हणालं की त्याला विचारा, पाईपच्या त्या टोकापुढे काय?

खताबद्दल एकच सांगते, कारण गावाकडून फोन येतात. ओमानमधल्या सूरला इफको आणि कृभकोची भागीदारी असलेला युरियाचा कारखाना आहे. सूर सामुद्रधुनीच्या बाहेर आहे.

तुमचा माल जात असेल तर

लासलगावकडच्या एका कांदा निर्यातदाराने त्या जूनमध्ये मला विचारलं, "ताई, जहाज अडकलं आणि कांदा सडला तर क्लेम बसेल ना? सगळं कव्हर घेतलंय मी." पॉलिसी 'ए' क्लॉजची होती, सर्वांत रुंद म्हणतात ती. मी त्याला तीन गोष्टी वाचून दाखवल्या. त्याच तुम्हीही आपल्या कागदात शोधा.

एक, 'ए' क्लॉजमध्येही युद्ध वगळलेलं असतं. वॉर आणि स्ट्राइक्स (संप-दंगली) ही कव्हरं वेगळी जोडावी लागतात. घेतलीच असतील तर विमा कंपनी सात दिवसांची नोटीस देऊन काढूनही घेऊ शकते. ती नोटीस येण्याआधी ज्या मालाचं कव्हर सुरू झालं, त्याला ती लागत नाही. म्हणून जहाज सुटण्याआधी मालाचं डिक्लेरेशन विमा कंपनीकडे गेलं पाहिजे. बातमी बघून कव्हर मागायला येणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दोन, मालाचं वॉर कव्हर पाण्यावरचं असतं. माल जहाजावर चढला की सुरू, शेवटच्या बंदरात उतरला की संपलं. उतरलाच नाही तर जहाज पोहोचल्यापासून पंधरा दिवसांनी संपलं. जेबेल अलीच्या यार्डात उभ्या असलेल्या कंटेनरवर काही पडलं तर हे कव्हर कामाचं नाही.

तीन, आणि इथे त्याचा चेहरा पडला: उशिरामुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, मग तो उशीर विम्यात धरलेल्या कारणाने झालेला असला तरी. जहाज आठ दिवस नांगर टाकून उभं राहिलं आणि कांद्याला कोंब आले, तर तो तुमचा तोटा. क्लॉजमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. त्याला मी सुचवलं की गिऱ्हाईकाशी बोलून डिलिव्हरी खोर फक्कानला घेता येते का बघ, ट्रकचं भाडं अर्धं अर्धं वाटून घ्या. नाशवंत मालाला विम्यापेक्षा बंदर बदलणं जास्त तारतं.

आणखी एक. एफओबीवर, म्हणजे आपल्या बंदरात जहाजावर चढवून देण्याच्या बोलीवर, विकलं असेल तर माल जहाजावर चढल्यानंतरचा धोका खरेदीदाराचा, असं म्हणून निर्यातदार निवांत बसतात. पैसे आले असतील तर बसा. नव्वद दिवसांच्या उधारीवर दिला असेल आणि तिकडच्या माणसाने वॉर कव्हर घेतलंच नसेल, तर धोका कागदावर त्याचा आणि बुडणारे पैसे तुमचे. सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा किमतीत धरून, विकता तेव्हाही नियमाप्रमाणे विक्रेत्याला सर्वांत अरुंद, म्हणजे 'सी' क्लॉजचं कव्हर द्यावं लागतं. वॉर खरेदीदाराने मागितलं तर, त्याच्या खर्चाने. दोघांनी एकमेकांवर सोडलं की कुणीच घेत नाही. ईमेलवर विचारा, लेखी उत्तर घ्या. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे शिपिंग लाईनच्या मालपावतीच्या, पाठीमागचा मजकूरही एकदा वाचाच. धोका वाटला तर माल दुसऱ्याच बंदरात उतरवून प्रवास संपल्याचं जाहीर करायची मुभा लाईनने तिथे स्वतःला दिलेली असते, आणि पुढचा खर्च तुमच्या नावावर.

घरचं कुणी तिकडे असेल तर

माझा मावसभाऊ प्रॉडक्ट टँकरवर (पेट्रोल-डिझेलसारखा तयार माल नेणारं जहाज) सेकंड इंजिनिअर आहे. तो सांगतो, जूनमध्ये होर्मुझ ओलांडताना इंजिनरूममध्ये ४५ च्या वर पारा, समुद्राचं पाणीच इतकं कोमट की कूलर धापा टाकतात, आणि त्या दिवसांत कुणालाही खाली एकटं सोडत नाहीत. वर ब्रिजवर टेहळणीला जादा माणसं. रेडिओच्या सोळा नंबर चॅनलवर आवाज येतो: जहाजाचं नाव, झेंडा, मागचं बंदर, पुढचं बंदर, माल काय. शांतपणे उत्तर द्यायचं आणि चालत राहायचं. लेनच्या आडव्या छोट्या वेगवान होड्या सुसाट जातात; त्यांतल्या बऱ्याचशा मुसंदमच्या खसबहून इराणकडे सिगारेटी नेणाऱ्या तस्करांच्या. नवख्या कॅडेटला त्या प्रत्येकीत हल्लेखोर दिसतो.

मावशी मात्र फोनवर जहाजाचा ठिपका बघत बसते. त्या जूनमध्ये तो ठिपका एकदा चक्क वाळवंटात उभा दिसला आणि तिने रडत फोन केला. आखातात तेव्हा जीपीएस जॅमिंग चालू होतं. शेकडो जहाजांची ठिकाणं अशी भलतीकडे दिसत होती. त्याच दिवसांत, १७ जूनला, खोर फक्कानजवळ 'फ्रंट ईगल' आणि 'अ‍ॅडलिन' हे दोन टँकर एकमेकांवर आदळले. ठिपका गायब झाला किंवा जमिनीवर चढला याचा अर्थ जहाज संकटात आहे असा होत नाही. विश्वास ठेवायचा तर कंपनीच्या क्रू विभागाच्या फोनवर आणि डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याच्या सूचनांवर. यूकेएमटीओ या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राचे इशारेही सगळ्यांना बघता येतात. त्यात वेळ आणि जागा दिलेली असते, मीठमसाला नसतो.

खलाशाचं काँट्रॅक्ट घरात असेल तर दोन ओळी शोधा: युद्धजन्य घोषित झालेल्या क्षेत्रात जायला नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क दिलेला आहे का, आणि त्या क्षेत्रात मूळ पगाराइतका बोनस मिळतो का. आंतरराष्ट्रीय युनियन करारातल्या जहाजांवर, क्षेत्र तसं घोषित झालं तर, या दोन्ही गोष्टी मिळतात. प्रत्येक जहाज त्या करारात नसतं. आणि नकार द्यायचा तर जहाज त्या पाण्यात शिरण्याआधी, कॅप्टनला लेखी.

जमिनीवर नोकरी करणाऱ्यांसाठी समुद्राआधी आकाश बंद होतं. २३ जूनला कतारने विमानवाहतूक काही तासांसाठी बंद केली आणि मुंबईहून निघालेली विमानं अर्ध्यातून फिरली. इराण आणि इस्रायलमधल्या भारतीयांना आणायला त्याच महिन्यात 'ऑपरेशन सिंधू' झालं. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथल्या भारतीयांना आधी रस्त्याने इराक ओलांडून जॉर्डनच्या अम्मानला जावं लागलं होतं, तिथून एअर इंडियाने सुमारे १,७०,००० जणांना आणलं. त्या वेळी ज्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते त्यांचे हाल वेगळेच. तेव्हा तिकडच्या माणसाला आज रात्रीच्या फोनवर एवढं विचारा: पासपोर्ट कुणाकडे आहे, दूतावासात नाव नोंदवलंय का, पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो घरी कुणाकडे पाठवलेत. जहाजावर असेल तर पासपोर्ट कॅप्टनकडे असणारच. त्याला विचारा की पुढचं बंदर आतलं की बाहेरचं, आणि साईन-ऑफ, म्हणजे जहाजावरून उतरून घरी यायचं, कुठे ठरलंय.